दुर्गोत्सवातली रिकामी दुपार

नवरात्र आलं की यवतमाळात पुण्या-नागपूरहून लेकी, जावई, नातवंडं घरी येतात. इथल्या दुर्गोत्सवाचं नाव थेट कोलकात्यापाठोपाठ घेतलं जातं, त्यामुळे रात्री देखाव्यांसमोर पाय ठेवायला जागा नसते. दिवसा मात्र घर पेंगतं आणि मुलं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. ‘इथं पाहण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न तेव्हाच येतो. राजस्थानच्या किल्ल्यांची सहल महिना-महिना आखणारी घरं या प्रश्नावर हसून मोकळी होतात. त्यापेक्षा गाडी बाहेर काढावी आणि आजी-आजोबांना पुढच्या सीटवर बसवावं.

पहिला थांबा लोहारा. आजच्या पोरांना तो एमआयडीसीमुळे माहीत आहे. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त मात्र या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. योत म्हणजे यवतमाळ; तेव्हा दोन्ही गावांची नावं जोडीनं घेतली जात. लोहाऱ्याची आणखी एक ओळख आहे. 1930 साली दांडीला मीठ उचललं गेलं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? इथल्या लोकांनी विळा हाती घेतला. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलैला पुसदकडे राखीव जंगलातलं गवत कापून इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. 21 जुलैला डॉ. केशव हेडगेवारांनी असाच सत्याग्रह केला, तो लोहाऱ्याच्या जंगलात. मुलांना दांडीचा धडा पाठ असतो. घरापासून हाकेच्या अंतरावरचं हे जंगल मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

तिथून नागपूर रस्त्याने कळंब. देवळात जायचं तर पायऱ्या चढायच्या, ही सवय इथं मोडते. चिंतामणीच्या दर्शनाला जमिनीखाली उतरावं लागतं. समोर कुंड आहे. काही वर्षांनी, लोकांच्या हिशेबात साधारण बारा वर्षांनी, त्याचं पाणी वर चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं. ‘गंगा आली’ म्हणतात आणि दर्शनाला रीघ लागते. ती पाहिलेलं माणूस घरात असेल, तर माहितीपत्रकाची गरजच काय? मुघल दफ्तरात कळंब हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणं होतं. त्याच कळंबला वर्ध्याहून ब्रॉडगेज गाडी आली ती 28 फेब्रुवारी 2024 रोजी.

आणि शकुंतला? तिच्याबद्दल यवतमाळकर सख्ख्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. 1903 साली यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. दारव्हा, कारंजा करत गाठी मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मुंबई आणि पुढे विलायतेच्या गिरण्या. मँचेस्टरला 1921 मध्ये घडलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. गंमत अशी की, देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला.

आता ती बंद आहे. मोठ्या रुळांची मागणी रास्तच आहे; दुखणाईत माणसाला नागपूरला न्यायचं असेल तेव्हा कुणाला छोट्या गाडीचा उमाळा येत नाही. पण नवी गाडी येईल तेव्हा जुन्या मार्गाचं एखादं स्थानक आणि मैलभर रूळ तसेच ठेवायला हरकत कसली? या गाडीने लग्नाला गेलेली, बोचकी-गाठोडी सांभाळत दारव्ह्याला उतरलेली माणसं अजून घरोघरी आहेत. त्यांच्याकडून ते आत्ताच ऐकून, लिहून घ्यायला हवं. त्यासाठी सरकारी निधीची वाट पाहावी लागत नाही.

सप्तमीची दुपार त्याला पुरते. आणि सहलीला सकाळी लवकर निघालं, तर कळंबहून परतताना एखाद्या ओळखीच्या शेतात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायलाही वेळ मिळतो, आणि वांग्याची भाजी पोटभर खाऊन दिवे लागायच्या आत देखाव्यांच्या रांगेत उभं राहता येतं.