मातीचा वास

ग्रामीण कथेवर बोलायला उभा राहिलेला माणूस पाचव्या मिनिटाला 'मातीचा गंध' म्हणतो, हा माझा नेहमीचा अनुभव. परवा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात वक्ते तिसऱ्याच मिनिटाला म्हणाले. विषय होता व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं'. मी मूळचा तिकडचा, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. नमुना म्हणून.

आता मला सांगा, मातीला वास येतो केव्हा? पाऊस पडल्यावर. आणि आमच्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर! दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा तीन जिल्ह्यांतला हा माण नदीचा मुलूख. लहानपणी आमच्या मातीचा वास येत नसे. माती थेट नाकातच जात असे.

रात्री हट्टानं पुस्तक काढून पुन्हा वाचायला बसलो. १९४९ सालचं पुस्तक. लेखक तेव्हा बाविशीच्या आसपास. त्या वयात मी बँकेच्या परीक्षेसाठी चक्रवाढ व्याज घोकत होतो. कॉलेजात असताना हे पुस्तक मी गंमत म्हणून वाचलं होतं, आणि 'काय एकेक वल्ली!' असं म्हणून मित्राला दिलंही होतं.

या खेपेला आधी अनुक्रमणिकेशीच अडलो. धर्मा रामोशी, शिदा चांभार, रामा मैलकुली, रघू कारकून. (शेवटच्या नावापाशी अंमळ जास्तच थांबलो. भाऊबंद!) नावापुढे आडनाव नाही, जात नाहीतर काम. गावानं ज्याला जिथं बसवलं, तिथंच तो बसलेला. याला वल्ली म्हणायचं?

मग धर्मा रामोशी वाचला. म्हाताऱ्याच्या अंगावर चिंध्या, म्हणून लेखक त्याला धोतर देतो. पुढे बघतो तर म्हातारा पुन्हा चिंध्यांतच! धोतर त्यानं लेकीला दिलेलं. तिनं ते लुगड्यासारखं नेसलेलं. वक्त्यांनी याला 'हृद्य' म्हटलं आणि मंडपानं टाळ्या वाजवल्या. अहो, हृद्य कसलं? धोतर एक, उघडी माणसं दोन, असा हा रोकडा हिशेब आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवतो, आणि मला तो जुळवायला वीस वर्षं लागली.

लागली, कारण आमच्या आजीनंही एका म्हाताऱ्याला आजोबांचं जुनं धोतर दिलं होतं. ते पुढे कुणी नेसलं, हे बघायला आमच्या घरातलं कुणीही गेलं नाही. दिल्याची गोष्ट मात्र दर दिवाळीला निघते. बँकेत डबा खाताना मीही ती दोनदा सांगितली आहे, दुसऱ्यांदा धोतर जवळजवळ नवं करून! पुस्तकातल्या लेखकानं निदान नंतर डोळे उघडे ठेवले होते.

"अहो, पण आता पाणी आलंय ना तिकडे?" सौ. म्हणाली.

आलंय. आटपाडीकडे टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या. चांगलंच झालं. पण म्हणून १९४९ ची भूक गोड कशी होते? 'गेले ते साधे दिवस' म्हणून उसासे टाकणाऱ्यांना एक उन्हाळा त्या साध्या दिवसांत ठेवा, घागरभर पाण्यासाठी मैलभर चालवा. परतीच्या पहिल्या एसटीत खिडकीची जागा मीच पकडलेली असेल, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं मी कार्यक्रमाच्या अहवालात, अर्थात सभ्य भाषेत, लिहून चिटणीसांकडे दिलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं, मान डोलावली आणि खिशातलं पेन काढलं.

"सगळं उत्तम आहे हो," ते म्हणाले, "फक्त तो मातीचा गंध तेवढा राहिला तुमचा. मी घालतो."