एका दिवसाचे कोपेल

गवताच्या टोपीभोवती ताजी फुले गुंफून ती मिरवणे ही युरोपातील उन्हाळ्याची हौस. गोव्याने या हौसेला टोपीचीही गरज ठेवली नाही. दरवर्षी २४ जून रोजी, ‘सांजांव’च्या सणाला, रानवेली वळून केलेल्या कड्यात पाने-फुले खोचून जे शिरोभूषण तयार होते, त्याला तेथे ‘कोपेल’ म्हणतात. अलीकडे ताज्या कोपेलांच्या शेजारी कृत्रिम फुलांचीही कोपेले विक्रीस दिसतात. एकदा घेतले की चार वर्षे चालते, हा ग्राहकाचा हिशेब वरवर बिनतोड आहे. मात्र तो अपुरा आहे.

हा सण संत जॉन बाप्तिस्ता यांच्या जन्माचा. मेरी भेटीस आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली, अशी बायबलमधील कथा. तिचे स्मरण म्हणून गोव्यातील तरुण ‘व्हिवा सांजांव’च्या गजरात विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाला सासरी मानाने बोलावतात, घुमटाच्या तालावर गाणी होतात. शिवोलीला तर सजविलेल्या होड्यांचा ताफाच निघतो. याच संताच्या दिवशी लॅटव्हियात पुरुष ओकच्या पानांचे आणि स्त्रिया फुलांचे मुकुट घालतात. तिकडे तो ऐन उन्हाळा. गोव्यात मात्र पहिल्या पावसाने विहिरी भरू लागलेल्या असतात. संत एकच, ऋतू निराळा.

कोपेलाचे सगळे शास्त्र या ऋतूत आहे. देठ तुटले की फुलाला मुळाकडून पाणी मिळणे थांबते, पाकळ्यांतून ते उडून जाणे मात्र चालूच राहते. म्हणून कोरड्या उन्हात टोपीवरचे फूल तासा-दोन तासांत मान टाकते. जूनच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते आणि अधूनमधून पावसाची सर फुलांना टवटवी देते. कडे वळायला लवचीक, न तुटणारी वेल लागते. तिच्यावर नेचे, क्रोटनची रंगीत पाने आणि सर्वांत शेवटी नाजूक फुले. फुले आधी खोचली तर पाने बसविताना ती चुरगळतात. कोणती वेल वाकते, कोणत्या पानाच्या चिकाने कपाळाला खाज सुटते, हे ज्ञान हातांतून हातांत जाते. कारखान्यातून आलेल्या कोपेलाबरोबर ते येत नाही.

शिवाय ते डोक्यावर घेऊन उडी मारायची असते विहिरीत! पाण्यात सुटलेले पान कुजून जाते. प्लास्टिकची पाकळी आणि तार तळाशी राहते. तेच पाणी उद्या कोणाच्या तरी घरात जायचे असते.

ताज्या कोपेलासाठी रान ओरबाडावे, असा याचा अर्थ नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणे छाटावीच लागतात. त्या छाटणीतूनच घरच्या कोपेलाचा बराचसा साज निघतो.

हौसेपलीकडचा खरा प्रश्न विक्रेत्या स्त्रियांचा आहे. पावसात हिंडून वेली गोळा करायच्या, रात्री बसून कोपेले वळायची, सकाळी बाजार गाठायचा. २४ तारखेच्या सकाळी हातोहात जाणाऱ्या या मालाची किंमत २५ तारखेला शून्य असते. व्यापारशास्त्रात याला नाशवंत माल म्हणतात, आणि अशा मालाची सारी जोखीम येथे एकट्या विक्रेतीच्या टोपलीत असते. ‘रानातली पाने, त्याला एवढे पैसे कशाला?’ अशी घासाघीस करणारा ग्राहक ही जोखीम विसरतो. किमतीत केवळ पाने-फुले नसतात. रात्रीचे जागरण असते आणि न खपणाऱ्या कोपेलांचा तोटाही असतो.

टिकत नाही म्हणून ती वस्तू महाग पडली, असे समजण्याची सवय नवीच म्हणायची. बुंदेलखंडाकडे नवरदेवाच्या माथ्यावर बांधलेला खजुरीच्या पानांचा मौर पुढे भाद्रपदातल्या मौरछठीला पाण्यात सोडतात. तो पुढच्या लग्नासाठी जपून ठेवावा, असे तेथे कोणी सुचवीत नाही.

या स्त्रियांना सहानुभूतीपेक्षा आगाऊ मागणी अधिक उपयोगी पडेल. सणाच्या आठवडाभर आधी मंडळांनी, हॉटेलांनी, कार्यालयांनी किती कोपेले हवीत ते सांगून निम्मी रक्कम हाती ठेवली, तर किती वेल तोडायची हे तिला आधीच कळेल. कोपेलांच्या स्पर्धा भरतातच. तेथे कृत्रिम फुलांना मज्जाव करण्यास तर एक पैसाही लागत नाही.