जॅक उचलतो, धरून ठेवत नाही



गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारची घरच्या घरी निगा राखण्याबद्दल लेख आहे आणि त्यासोबत अर्धे पान व्यापणारे छायाचित्र. लाल एमजीबी, मागची दोन्ही चाके काढलेली, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली एकुलता एक ट्रॉली जॅक आणि गाडीखालून बाहेर आलेले मालकाचे पाय. स्टँड एकही नाही. खाली ओळ छापली आहे, ‘छंदाला मोल नसते.’ असते. छंद असाच चालू राहिला तर ते घरच्यांना मोजावे लागते.

लेखात कार्ब्युरेटरच्या जोडीवर दीड स्तंभ आहे, चामड्याच्या आसनांना कोणते तेल लावावे यावर परिच्छेद आहे. गाडी उचलण्यावर मात्र एकच वाक्य: ‘जॅकवर घ्यावी आणि खाली शिरून कामाला लागावे.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

हायड्रॉलिक जॅकमध्ये ओझे तेलावर असते. ते तेल अडवतात रबरी सील आणि झडपेतली एक छोटी पोलादी गोळी. सील सुकले, गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला, की जॅक बसतो. कधी रात्रभरात इंचभर, कधी एका क्षणात. शिवाय ट्रॉली जॅकचा दांडा बाहेर आलेला असतो आणि तोच पिळला की गाडी खाली येते. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांना हे कोण सांगणार? ‘आमचा जॅक तीन टनांचा आहे, गाडी तर टनभरच’ हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे. तीन टन हा उचलण्याचा आकडा आहे. बहुतेक जॅकवर ‘फक्त उचलण्यासाठी’ अशी सूचना चिकटवलेली असते. ती वाचायला छंदिष्टांना वेळ नसतो आणि आता पुरवणीलाही नाही, असे दिसते.

छायाचित्रातली दुसरी गोष्ट तर संपादकीय मेजावर कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. एमजीबीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते, म्हणजे गिअरमध्ये ठेवली तरी अडतात ती मागचीच चाके. आता मागची बाजू हवेत आहे. जमिनीवर टेकलेली पुढची दोन चाके मोकळी, आणि त्यांना पाचर सोडा, साधा दगडही लावलेला नाही. सोसायटीच्या पार्किंगला पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून उतार असतोच. जॅकला स्वतःची चाके असतात आणि गाडी वर जाताना त्याचा हात कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकला थोडे सरकावेच लागते. त्याचे चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकले की जॅकऐवजी गाडी सरकते. हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही.

आणि जॅक लावायचा कुठे, हे तर लेखात नाहीच. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. तिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी भक्कम चासी होती. एमजीबीला ती नाही. दारांखालच्या पोकळ सिलवर गाडीचा कणा उभा आहे. त्या पोकळीत पाणी साचते, पत्रा आतून गंजतो आणि वरून लांबी भरून रंग मारला की बाहेरून सारे झकास दिसते. अशा सिलखाली जॅक लावला तर तो पत्र्यातून आत घुसतो. कुजलेल्या गाडीची खूण सोपी आहे: बाजूने उचलल्यावर दाराची फट मिटते, दार नीट उघडत नाही. तसे दिसले तर गाडी तिथेच खाली घ्यावी आणि आधी पत्र्याचे काम करावे.

सरळ मार्ग असा आहे. जमीन सपाट आणि कठीण हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी. जॅक डिफरन्शियलखाली, मग दोन्ही बाजूंना एक्सेलखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ, स्टँड. जॅक सोडून गाडीचे वजन स्टँडवर येऊ द्यायचे आणि खाली शिरण्याआधी बाजूने जोर लावून गाडी हलवून पाहायची. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. काढलेली चाके सिलखाली आडवी सरकवून ठेवायची. विटा आणि सिमेंटचे ठोकळे कधीही नाहीत, ते न कुरकुरता फुटतात.

‘स्टँडही दगा देतात’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने २०२० मध्ये सुमारे १७ लाख स्टँड परत मागवले, कारण दात्यांत बसणारा खटका ओझ्याखाली निसटू शकत होता. बदली दिलेल्या काही स्टँडमध्येही मग वेल्डिंगचा दोष निघाला. पण स्टँडकडून गाडी धरून ठेवण्याची अपेक्षा होती, म्हणूनच ते परत मागवले गेले. जॅक रात्रीतून बसला तर तक्रार कुणाकडे करणार? धरून ठेवायचे वचन त्याने दिलेलेच नव्हते.

एमजीबीवाल्याकडे निदान पर्याय आहे. दोन स्टँड त्याला जड नाहीत. महामार्गावर पंक्चरच्या टपरीशेजारी भरलेला ट्रक एका बॉटल जॅकवर उभा असतो आणि त्याखाली सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पाठीवर पडून नट सोडवत असतो, त्याला कुणी विचारते का? एसटीच्या आगारात गाडीखाली काम करायला खड्डा असतो. या पोरांना साधा स्टँडही कुणी घेऊन देत नाही, आणि आपण ट्रक कधी सुटेल याचीच चौकशी करत उभे राहतो. हौशी माणसाचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसले की पुरवणीला त्यात छंद दिसतो. या पोराचे पाय कुठल्याच पानावर येत नाहीत.

तेव्हा मागणी एकच आहे. येत्या रविवारी दुरुस्ती छापा. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘अनवधानाने’ वगैरे शब्दांत नको. जेवढे छायाचित्र होते तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, दोन स्टँडवर उभी असलेली आणि चाकांना पाचर लावलेली गाडी दाखवा. जागा नसेल तर कार्ब्युरेटरचा दीड स्तंभ कमी करा. कार्ब्युरेटर बिघडला तर गाडी फक्त बंद पडते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे