मोजदाद झाली, पारख राहिली

ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोतील कृषी अकादमीच्या अधिवेशनात त्रोफिम लिसेंको यांनी जनुकशास्त्र मोडीत काढले. आपल्या भाषणाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मंजुरी आहे, असे त्यांनी सांगितले आणि वाद संपला. प्रयोगशाळा बंद झाल्या, पाठ्यपुस्तके बदलली. सोव्हिएत डॉक्टरांची एक पिढी आनुवंशिक आजारांविषयी फारसे काही न शिकताच रुग्ण तपासू लागली.

हे टोकाचे उदाहरण झाले. एरवीचे दुखणे याहून कंटाळवाणे होते. संशोधनाचा पैसा संस्थेला ठोक मिळे, तो संचालक वाटे. त्या वाटपात कामाइतकेच ज्येष्ठतेला आणि पक्षाशी असलेल्या सलगीलाही वजन असे. कोणाचा निबंध बाहेरच्या कोणी वाचून ‘हे चुकीचे आहे’ म्हणण्याची सोय फारशी नव्हती.

१९८९ ते १९९१ मध्ये या राजवटी कोसळल्या तेव्हा पैसा आटला होता आणि शास्त्रज्ञ देश सोडत होते. पैसा कोणाला द्यायचा हे ठरवणे भाग होते. एस्टोनियाने आपल्या विज्ञानाची तपासणी स्वीडनच्या तज्ज्ञांकडून करून घेतली, लॅटव्हियाने डेन्मार्कच्या. इतक्या लहान देशात सगळेच एकमेकांचे गुरुबंधू, नाही तर व्याही. निकाल देणार कोण? पूर्व जर्मनीच्या अकादमीत सुमारे २४ हजार माणसे होती. तिच्या संस्था पश्चिमेकडून आलेल्या समित्यांनी तपासल्या आणि १९९१ अखेर अकादमीच्या संस्थांचा जुना डोलारा संपला. त्यात गुणवान माणसेही भरडली गेली. बाहेरचा परीक्षक नि:पक्ष असतो, दयाळू असतोच असे नाही.

रशियात जॉर्ज सोरोस यांच्या निधीने १९९३ मध्ये सोपी चाळणी लावली: गेल्या पाच वर्षांत नामांकित नियतकालिकांत तीन निबंध असतील, तर ५०० डॉलर. हजारो शास्त्रज्ञांच्या घरची चूल त्यावर पेटली. तातडीच्या मदतीसाठी ही मोजणी योग्यच होती. रक्तस्राव थांबवायला आवळपट्टी बांधतात. पण ती कोणी वर्षभर ठेवत नाही.

चेक प्रजासत्ताकाने मात्र ती ठेवली. निबंध, पुस्तक, पेटंट, संगणक प्रणाली, सगळ्याला ठरावीक गुण. गुणांची बेरीज करून संस्थांना पैसा. लोकांनी या पद्धतीला ‘कॉफी दळायची चक्की’ असे नाव ठेवले. वरून काहीही टाका, खाली गुण पडतात. तिच्या समर्थकांचा मुद्दा खोटा नव्हता: आकड्याला पक्ष नसतो, नातेवाईक नसतात. पण आकडा तयार करता येतो. संमेलनांच्या संग्रहांत निबंध भरले गेले, ज्याला गुण जास्त ते लिहिले जाऊ लागले. इतिहासकार आणि भौतिकशास्त्रज्ञ एकाच चक्कीत. २०११ मधील आंतरराष्ट्रीय तपासणीने या पद्धतीवर कठोर टीका केली; तिच्या जागी नवी पद्धत आली ती ‘२०१७ प्लस’ या नावाने. मोजणी पूर्ण गेली नाही, पण आता संस्था निवडक काम पुढे ठेवतात आणि ते तज्ज्ञ वाचतात. त्यांत परदेशी तज्ज्ञही असतात.

ही गोष्ट प्रागपुरती राहत नाही. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, आणि पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके या मोजणीवरच पोसली जातात. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या सहयोगी प्राध्यापकाला दोष देऊन उपयोग नाही. नियम त्याला आकडा मागतो, तो आकडा देतो. मात्र अशा निबंधातील औषधाचा डोस उद्या कोणी खरा मानला, तर त्याची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजेल. बढतीपूर्वी उमेदवाराने आपले दोनच निबंध निवडावेत आणि ते राज्याबाहेरच्या दोन तज्ज्ञांनी वाचून लेखी मत द्यावे. यासाठी फार पैसा लागत नाही, महिनाभराचा वेळ लागतो.