बिनकामाची मुंबई

नाशिकच्या माणसाला मुंबई जवळची आहे, पण ती कामापुरती. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, काम उरकायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचे. आमच्या जुन्या नाशकातल्या मोहल्ल्यात तर मुंबईची ओळख चारच गोष्टींची: दवाखाना, पासपोर्ट, लग्नाची खरेदी आणि हाजीअली. मुंबईला नुसते फिरायला गेलो होतो असे सांगितले, तर समोरचा हमखास विचारतो, "पण काम काय होते?"

माझेही तसेच होते. अब्बांच्या आजारपणामुळे सव्वा वर्ष आम्हाला दर महिना-दीड महिन्याने मुंबईच्या एका रुग्णालयात जावे लागत होते. आत एकाच नातेवाइकाला थांबता येई. भाऊ थांबायचा. अम्मी आणि मी बाहेर. तपासणी आणि रिपोर्ट यांच्या मध्ये चार-पाच तास असायचे. सुरुवातीला आम्ही पायऱ्यांवर बसायचो. तिथून उठवले की समोरच्या फुटपाथवर. चहाच्या टपरीवर तरी किती वेळ काढणार? पैसे खर्च न करता दोन बायकांनी चार तास कुठे बसायचे, हा प्रश्न एवढ्या मोठ्या शहरात किती अवघड आहे, ते तेव्हा कळले.

शेवटी टपरीवाल्या चाचांनाच आमची दया आली. म्हणाले, "हार्बर पकडो, डॉकयार्ड रोड उतरो. ऊपर बगीचा है. वहाँ कोई नहीं उठाएगा."

डॉकयार्ड रोड म्हणजे सीएसएमटीहून तिसरे स्टेशन. स्टेशनला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आणि उद्यानाच्या पोटात पाण्याचा मोठा साठा. बाप्टिस्टा हे माझगावचेच. टिळकांचे सहकारी, पुढे मुंबईचे महापौर. अम्मी दर दहा पायऱ्यांवर थांबत वर आली आणि कठड्याशी उभी राहिली. खाली गोदीतल्या क्रेन, अर्धवट बांधलेली जहाजे, त्यापलीकडे बंदराचे राखाडी पाणी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "इत्ती हवा है यहाँ, और हम नीचे धुआँ खाते बैठे थे."

त्या दिवसापासून आमची सवयच झाली. अब्बा आत गेले, की आम्ही हार्बर लाइन पकडायचो.

शिवडीला उतरलो तेव्हा किल्ला पाहिला. इंग्रजांनी तो १६८० मध्ये बांधला. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तेव्हा आधी शिवडी पडली आणि मग माझगावचा किल्ला. तो किल्ला होता आम्ही जिथे बसायचो त्याच टेकडीवर. शिवडीच्या तटावरून खाडीचा चिखल दिसतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, ओहोटीला त्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात. एका बाजूला तेलाच्या टाक्या आणि ट्रकची रांग, दुसऱ्या बाजूला गुलाबी पक्षी. अम्मीला वाटले, कुणीतरी कापड वाळत घातले आहे!

पुढे धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावरचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिले. सदतीस एकरांची ही जागा कधीकाळी शहराचे कचऱ्याचे डम्पिंग ग्राउंड होती. त्या कचऱ्यावर माती टाकून झाडे लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तिथे जंगलासारखी सावली आहे. एकदा एकटीच अंधेरीला गेले आणि गिल्बर्ट हिल पाहिली. एकसष्ट मीटर उंचीचा काळा बेसाल्टचा सुळका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पायथ्याशी चारी बाजूंनी घरेच घरे.

यातल्या एकाही जागेचे नाव आमच्या मोहल्ल्यात कुणाला माहीत नव्हते. त्याचे फार नवल नाही, आम्ही बाहेरगावचे. नवल याचे वाटले, की माझगावच्या टेकडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर डोंगरी आहे, नागपाडा आहे. डोंगरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी उद्यानाबद्दल विचारले, तर ती म्हणाली, "नाव ऐकलंय, गेले नाही कधी." दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि वीस मिनिटांवरच्या टेकडीवर बाके रिकामी.

केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. मुंबईत ती माणशी दोन चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला फार तर दोन जानमाज पसरता येतील एवढी जागा. आणि तेवढ्या जागेवरही आपण जात नाही.

का जात नाही? दोष एकाच बाजूचा नाही. स्टेशनबाहेर साधी पाटी नसते. बायकांसाठी स्वच्छतागृह शोधावे लागते. ते नसले, की दोन तासांत घरी परतणे भाग पडते. बुरख्यातल्या दोन बायका बाकावर बसल्या, की येणारे-जाणारे दोनदा बघतात, हाही अनुभव आहे. पण आपल्या घरातले काय? मुलगा रात्री अकरापर्यंत नाक्यावर उभा असला तर चालते. मुलगी संध्याकाळी टेकडीवर जाते म्हणाली, तर 'तिथे काय काम आहे?' शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईवरचे पुस्तक २०११ मध्ये आले. बाईला कामाशिवाय, नुसते रेंगाळण्यासाठी शहरात असता आले पाहिजे, हा त्याचा गाभा. ते वाचताना मला अम्मी आठवत होती. तिला रेंगाळायला मिळाले, ते नवऱ्याच्या आजारपणाचे निमित्त होते म्हणून.

फिरणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे मानणाऱ्यांना मी सलीम अलींचे उदाहरण देते. मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हे काय, असे त्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना विचारले. मामांनी रागावून गप्प केले नाही. त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका प्रश्नातून देशाचा मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. घर सधन होते, हे खरे. पण मुलाला उंडारायला मोकळी जागा आणि प्रश्न विचारायला माणूस, या दोन गोष्टी पैशाने महाग नाहीत. आपण त्याही देत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. या जागा शांत आहेत त्या लोकांना माहीत नाहीत म्हणून. बोभाटा केला, की वेफरची पाकिटे आणि रीलवाले पोहोचतील. मला मात्र भीती उलटी वाटते. ज्या जागेचा वापर करणारे कुणी नसतात, तिच्या बाजूने बोलणारेही कुणी नसतात. मग एक दिवस तिथे पत्रे लागतात आणि आपल्याला कळते तेव्हा इमारत उभी असते. शिवडीच्या चिखलावरून आता अटल सेतू जातो. पक्ष्यांचे काय होईल हा प्रश्न विचारला गेला, कारण त्यांना वर्षानुवर्षे बघायला जाणारे लोक होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्यामागेही अशाच बघणाऱ्यांच्या नोंदी आहेत. कचरा करणाऱ्याला टोकता येते. गेलेली जागा परत आणता येत नाही.

गेल्या वर्षी अब्बा गेले. इद्दत संपल्यावर एक दिवस अम्मी म्हणाली, "मुंबई चलते." मी विचारले, "काम काय?" माझ्या तोंडून तोच प्रश्न आला! ती म्हणाली, "काम कुछ नहीं." आम्ही गेलो. टेकडीवर बसलो, डबा खाल्ला, परत आलो.

येताना गाडीत तिने विचारले, "आपल्या नाशकात असं काही नाही का?" मला लाज वाटली. चाळीस वर्षे नाशकात राहून तिने पांडवलेणी फक्त हायवेवरून पाहिली होती. रामशेजचा किल्ला, जो मुघलांच्या फौजेसमोर पाच वर्षांहून अधिक काळ टिकला, तो पेठ रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ असलेले नांदूरमध्यमेश्वर आमच्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. शिवडीचे पक्षी मी अम्मीला दाखवले, पण गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नाही.

मागच्या रविवारी पांडवलेणी चढलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे कौतुक आईने दगडावर कोरून घेतले आहे. अम्मी तिथे बसली, गुडघे चोळत म्हणाली, "माँ तो माँ ही होती है." शेजारी आणखी एक कुटुंब होते. त्यांच्यातल्या आजींनी सरकून जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

महापालिकेने पाट्या लावाव्यात, स्वच्छतागृहे बांधावीत, यासाठी भांडलेच पाहिजे. पण तोवर थांबायचे कारण नाही. महिन्यातून एक रविवार घरातल्या सगळ्यात कमी बाहेर पडणाऱ्या बाईला विचारा, कुठे जायचे. आणि कुणी 'काम काय?' म्हणाले, तर सांगा, काम काही नाही.