नगरला उतरा, एक दिवस तरी राहा

आमच्या शहरात एसटीची तीन स्थानकं आहेत. माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातलं पुणे स्थानक. महाराष्ट्रातल्या बहुतेक लोकांनी नगर पाहिलंय ते एवढंच. शिर्डीला, शिंगणापूरला किंवा संभाजीनगरला जाताना गाडी इथे थांबते, लोक खाली उतरून चहा घेतात, घंटी वाजते आणि गाडी सुटते. 2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव शहराला मिळालं. बोलताना मात्र आम्ही गावकरी अजून नगरच म्हणतो, आणि मीही इथे तसंच लिहिते.

लग्न होऊन मी या गावात आले, इथल्याच शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन मी बाहेर पडते. पुण्याहून आलेला भाचा परवा बूट न काढताच म्हणाला, “मामी, नगरात बघण्यासारखं आहे तरी काय?” रागवावं असं त्यात काही नव्हतं. नगरबद्दल कुणी त्याला काही सांगितलंच नव्हतं. शाळेच्या पुस्तकात निजामशाही दोन-चार ओळींत येते, तीही कुणाची तरी शत्रू किंवा कुणाची तरी मांडलिक म्हणून. ज्या राज्याने या भागावर जवळजवळ दीडशे वर्षं सत्ता चालवली, त्या राज्याची राजधानी आज आपल्या सहलींच्या नकाशावर नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

भाच्याला मी फराहबागेत घेऊन गेले. जवळच लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे शाळांच्या सहली येतात, मुलं रणगाड्यांपुढे फोटो काढतात. तेही पाहावंच. पण तिथून हाकेच्या अंतरावरच्या फराहबागेकडे सहलीच्या बसगाड्या वळत नाहीत. झुडपांतली पायवाट तुडवत गेलं की मोकळ्या मैदानात एक प्रचंड अष्टकोनी वास्तू उभी दिसते. चारही बाजूंना उंच कमानी, मध्ये घुमटाचं दालन, दोन मजले. मुर्तजा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये हा महाल पुरा झाला. पहिल्यांदा बांधलेला पसंत पडला नाही म्हणून तो पाडून पुन्हा बांधला, असं जुन्या बखरकारांनी नोंदवलंय.

आत गेलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. नगरचं एप्रिलचं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच त्याची किंमत कळेल. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन माणसं मांडी घालून बसतील. चुन्याचा गिलावा जागोजागी उडालाय. जिथे टिकलाय तिथे हात फिरवला तर शाळेच्या घोटीव पाटीसारखा गुळगुळीत लागतो. वर पाहिलं की एकावर एक चढत गेलेल्या लहान कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात आणि अष्टकोनाचा घुमट. गवंड्याने हे गणित कागदावर केलं की मनात, कुणास ठाऊक. कबुतरं मात्र भरपूर. आणि माणसाच्या उंचीपर्यंत, जिथवर खिळा पोचतो तिथवर, नावं कोरलेली.

भाचा म्हणाला, “मामी, हे मैदानात का बांधलं असेल?”

हा प्रश्न मला हवाच होता. कारण ते मैदान नाही, तलाव आहे. महाल पाण्याच्या मध्यावर होता. चारही कमानींची प्रतिबिंबं खाली पडत, पाण्यावरून वारा आत येई आणि जाड भिंती तो गारवा धरून ठेवत. पाणी गेलं आणि इमारत अर्धी झाली. आज आपण पाहतो ती वरची अर्धी. ताजमहालाची कल्पना शहाजहानला इथूनच सुचली, असं नगरचे लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. मला त्या दाखल्याची गरज वाटत नाही. फराहबाग स्वतःच्या बळावर उभी आहे आणि तिला पाहायला आग्र्याची शिफारस लागू नये.

आता मूळ प्रश्न असा की हे पाणी आलं कुठून? नगर पर्जन्यछायेत आहे. आज आमचे नळ मुळा धरणावर चालतात. निजामशाहीत धरण नव्हतं, पंप नव्हते. शहराभोवतीच्या उंचवट्यांवरून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा गावांकडून, जमिनीखालून उतार धरत पाणी शहरात आणलं जाई. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवायच्या, भोवती चुन्याचं बांधकाम करायचं आणि नळ खाली पुरायचा. याला आमच्याकडे खापरी नळ म्हणतात. शहर, किल्ला, बागा, हमामखाने सगळं त्यावर चालायचं. सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बाग आहे, 1506 च्या सुमाराची. तिथलाही महाल तळ्यातच होता आणि त्याचंही पाणी असंच बाहेरून यायचं.

मागे आमच्या भागात गटारासाठी चर खणला तेव्हा मातीत या नळ्या निघाल्या. कोपराएवढ्या लांबीच्या, एक तोंड रुंद, एक अरुंद. एकीचं अरुंद तोंड दुसरीच्या रुंद तोंडात बसलेलं, आणि सांध्यावरचा चुना दगडासारखा घट्ट. मजुरांना तो पहारीने फोडावा लागत होता. आतून हात घातला तर पाण्याने साचलेला क्षाराचा पांढरा थर बोटांना लागला. म्हणजे हे पाणी कित्येक पिढ्या वाहत होतं. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे मुरमाबरोबर ट्रॅक्टरमध्ये गेले. दुसऱ्या एखाद्या देशात त्या चरावर काच बसवून लोकांना दाखवला असता.

म्हणून मी पाहुण्यांना सांगते की नगर पाहायचं तर पाण्याच्या मागे चला. किल्ला, महाल, कबर अशी ठिकाणं सुटी सुटी पाहिली तर पडक्या इमारती दिसतात. पाण्याचा माग काढत गेलं की शहर दिसायला लागतं. राजा कुठे बसायचा यापेक्षा त्याच्या शहरातल्या विणकराच्या, लोहाराच्या घागरीत पाणी कसं पडायचं हे मला जास्त मोलाचं वाटतं. ही कारागिरांची नगरी होती. विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूखमैदान तोफ दिमाखात उभी आहे ती 1549 मध्ये नगरात ओतलेली. किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहा, 1567 च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी वर्गणी काढून ती बांधली, असं गावात सांगतात. इतकी लहान की दोन मिनिटांत पाहून होईल. पण दगडातली नक्षी न्याहाळायला लागलात तर तासभर हलणार नाही.

एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. नगरकडे पाठ फिरवण्यामागे नुसतं अज्ञान नाही. “ते आपलं नव्हे” ही भावनाही त्यामागे आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी मला हे तोंडावर विचारलंय, “बाई, निजामशाही म्हणजे परकेच ना?” मी त्यांना गोष्टी सांगायचे. शहर वसवणाऱ्या मलिक अहमदच्या बापाचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पाथरी म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली. आपलं वडिलोपार्जित गाव म्हणून पाथरी मिळवण्यासाठी निजामशहा वऱ्हाडच्या इमादशहाशी लढले. अहमदची पहिली राजधानी जुन्नर. 1490 मध्ये भिंगारजवळ त्याने बहामनी फौजेला हरवलं आणि मग सीनेच्या काठी हे शहर उभं केलं. 1630 मध्ये शिवरायांचा जन्म झाला तेव्हा शिवनेरी निजामशाहीतच होता. जुलै 2025 मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. टीव्हीवर ती बातमी पाहताना माझे डोळे भरून आले. मग त्याच गोष्टीचं आधीचं प्रकरण ज्या गावात घडलं, त्या गावाला आपण परकं कसं म्हणायचं?

आणि नावं पाहा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, आणि मुलं झाली तेव्हा एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. शाह शरीफचा दर्गा आजही नगरात आहे, आत जायला कुणाला बंदी नाही. तिथे उभं राहून मी मुलांना म्हणायचे, शिवरायांच्या वडिलांचं नाव या ओट्यापासून सुरू होतं. मग वर्गात परका हा शब्द पुन्हा निघत नसे.

हा वारसा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. दर रविवारी माळीवाडा स्थानकावरून एक बस निघावी आणि दिवसभरात ही ठिकाणं फिरवून आणावी. धार्मिक स्थळांसाठी अशा गाड्या निघतात, मग इथे का नाही? प्रत्येक ठिकाणी मराठीत नीट माहिती असावी. “हे संरक्षित स्मारक आहे, नुकसान केल्यास शिक्षा होईल” हा निळा फलक पुरेसा नाही. शिक्षा सांगितली, गोष्ट सांगितलीच नाही! शाह डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली कबर आहे. मुर्तजाचा हा कर्तबगार वजीर 1589 मध्ये वारला. सगळा गाव त्या कबरीला चांदबिबीचा महाल म्हणतो, कारण तिथे कुणाला सलाबतखान भेटतच नाही. चांदबिबीला गावाने इतकं जपलं याचा मला आनंदच आहे. मोगलांच्या वेढ्यात तिने तट राखला, त्यामुळे तिचं नाव लोकांच्या ओठी राहणारच. पण शहराच्या बागा आणि महाल जाणतेपणाने सजवणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या थडग्यावर तरी ओळख मिळायला हवी.

आणि कुठेतरी, एकाच जागी का होईना, खापरी नळाचा एक तुकडा उघडा ठेवून जपावा. रस्ता खणताना नळ्या निघाल्या तर काम तासभर थांबवून एखाद्या जाणकाराला बोलवावं. फराहबागेचा सगळा तलाव भरा असं मी म्हणत नाही, दुष्काळी जिल्ह्यात ते शोभणार नाही. पण पावसाळ्याचं पाणी तिथे अडवता येईल का, याचा अभ्यास तरी व्हावा. तळ्याने जिरवलेलं पाणी आसपासच्या विहिरींनाही लागेल.

हे सगळं व्हायला पाहुणे यावे लागतील. ज्या वास्तूकडे कुणी फिरकत नाही तिथे रखवालदार येत नाही, फलक लागत नाही, आणि मग दगड उचलून नेणारे येतात. म्हणून माझं सांगणं शासनाइतकंच वाचकांनाही आहे. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या पुढे, एक मुक्काम ठेवून या. सकाळी सकाळी भुईकोट किल्ला. हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 या काळात दगडी तट बांधला, भोवती खंदक. किल्ला लष्कराकडे आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांना इथेच ठेवलं होतं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं इथेच लिहिली, आणि ते या तटाच्या आत असतानाच त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. त्या खोल्यांपुढे दोन मिनिटं थांबा. मग दमडी मशीद, दिल्ली दरवाजाच्या बाहेर शहर वसवणाऱ्या अहमदची काळ्या दगडाची कबर असलेला बागरोजा, दुपारी कापडबाजारातून पायी फेरी, ऊन उतरलं की फराहबाग. शाह डोंगर दुसऱ्या दिवशी सकाळी.

वेळ उरला तर भातोडीला जा. इतिहासात तिला भातवडी म्हणतात. 1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा निजामशाहीवर चालून आल्या तेव्हा तिचा वजीर मलिक अंबर याने इथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती सगळा चिखल झाला, तोफा रुतल्या, जनावरं अडकली, आणि मग अंबरच्या फौजेने गाठून त्यांचा फडशा पाडला. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. तलाव आजही आहे. शरीफजींच्या समाधीची वाट भातोडीत कुणालाही विचारा, शेतातलं काम बाजूला ठेवून माणूस सोबत येतो.