मत्स्यपेटीवरील दिवा

घराच्या दिवाणखान्यात अथवा शाळेच्या प्रयोगशाळेत रंगीत माशांची काचपेटी ठेवण्याची हौस काशीमीरासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत आता नवी राहिलेली नाही. पेटी, मासे, वाळू यांची निवड करताना लोक पुष्कळ विचार करतात. परंतु पेटीवरील झाकण आणि त्यात बसवावयाचा दिवा यांकडे लक्ष जाते ते सर्वांच्या शेवटी. मग कोणी तयार झाकण विकत आणतो, तर कोणी हौशी विद्यार्थी चित्रफिती पाहून घरच्या घरीच दिवे जोडू लागतो. पहिल्याने काही शिकणे होत नाही. दुसऱ्यात जिवास धोका असतो. या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट धरावी, म्हणजे हे झाकण विद्यार्थ्यांनी स्वहस्ते, शाळेत, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली आणि एका कडक नियमाने बांधावे, असे आमचे मत आहे. ते का, हे येथे मांडावयाचे आहे.

काचपेटीत जलचर पाळण्याची शास्त्रशुद्ध रीत फार जुनी नाही. मासे व पाणवनस्पती एकाच पात्रात योग्य प्रमाणात ठेवल्यास ती एकमेकांस तारतात, ही गोष्ट रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली प्रयोगाने दाखविली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांकरिता मत्स्यालय उघडले, आणि पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथामुळे ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. त्या काळी पेटीचा दिवा म्हणजे खिडकीतून येणारे ऊन. ते कधी कमी पडे, कधी इतके अधिक होई की पाणी तापून हिरवे होत असे. उजेड वरून यावा आणि तो मोजका असावा, हा धडा अनुभवानेच मिळाला.

वरून उजेड देण्यास आणखी एक कारण आहे. पाहणाऱ्याच्या बाजूस उजेड अधिक असेल तर काचेत त्याचेच प्रतिबिंब दिसते. आतील बाजू उजळ असेल तर काच जणू नाहीशी होते. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. तेथे गेलेल्यांस पेट्यांतील लखलखाट आठवत असेल; त्याचे अर्धे श्रेय वर दडविलेल्या दिव्यांचे होते. मत्स्यपेटीचे झाकण हेच काम लहान प्रमाणावर करते.

परंतु दिवा केवळ पाहणाऱ्यासाठी नाही, आणि पुष्कळांची चूक येथेच होते. हायड्रिलाच्या फांद्या नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे गोळा करण्याचा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. पेटीतील वनस्पती दिवसभर तेच कार्य करीत असते. उजेड गेला की ती स्वतःच ऑक्सिजन घेऊ लागते. उजेड फार कमी मिळाला तर ती कुजते; फार झाला तर तिच्याऐवजी शेवाळ माजते. सामान्यतः आठ तासांचा उजेड पुरेसा होतो. बहुतेक माशांस पापण्या नसतात, म्हणून त्यांस अंधारही तितकाच आवश्यक आहे. पाहुण्यांस मासे दाखवावयाचे म्हणून मध्यरात्रीपर्यंत दिवा तेवत ठेवणे ही माशांची कीव न करण्याची गोष्ट आहे. अल्पमोलाचा टायमर लावला म्हणजे विस्मरणाचे निमित्तही उरत नाही.

आता मुख्य धोक्याकडे वळू. झाकण म्हणजे पाण्यापासून चार बोटे उंचीवर असलेली बंद, दमट पोकळी. पाण्याची वाफ तेथे रात्रंदिवस साचते. मासे उसळी मारतात तेव्हा शिंतोडे उडतात. खाडीकाठची आमची हवा पावसाळ्यात आधीच ओलसर असते. अशा ठिकाणी २३० व्होल्टचा होल्डर किंवा उघडी जोडणी बसविणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. ओल्या हाताने झाकण उचलणारा बहुधा घरातील लहान मूल असतो, ही गोष्ट कोणीही विसरू नये.

म्हणून आमचा नियम एकच आणि अढळ आहे: २३० व्होल्टची वीज झाकणात शिरता कामा नये. सुदैवाने आज तो पाळणे सोपे झाले आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाचे फळ म्हणून १२ व्होल्टवर चालणारी दिव्यांची पट्टी आज लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. जुन्या चारफुटी नळीस ३६ वॅट लागत. एलईडी नळीस त्याच्या सुमारे निम्म्यात काम भागते. अडॅप्टर भिंतीजवळ, पेटीपासून दूर व पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. झाकणात जावी ती फक्त १२ व्होल्टची तार. अडॅप्टरवर बी.आय.एस.ची नोंदणीखूण पाहूनच तो घ्यावा, कारण हलक्या प्रतीच्या अडॅप्टरात २३० आणि १२ यांमधील भिंत पुरेशी भक्कम नसते. प्लगच्या अलीकडे वायरीस खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाशीच गळून पडते. आणि ज्या बोर्डावरून वीज घ्यावयाची त्यास ३० मिलिअँपिअरवर तुटणारा ईएलसीबी असावा. तो नसेल तर तो बसेपर्यंत काम थांबवावे.

यानंतर हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत सुमारे ५४ ते ५६ लिटर पाणी मावते. साध्या वनस्पतींस लिटरमागे १० ते २० लुमेन उजेड पुरतो असा मत्स्यपालकांचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे वरच्या प्रमाणाने सुमारे ११०० लुमेन झाले. वॅटमागे १०० लुमेन धरले तर ११ वॅट. त्यास १२ व्होल्टने भागले तर एक अँपिअरहूनही कमी. दोन अँपिअरचा अडॅप्टर घेतला तर तो अर्ध्या ताकदीने, न तापता चालेल. दहावीच्या पुस्तकातील सूत्र येथे फळ्यावरून उतरून हाताशी येते. पट्टी मात्र खुणेच्या रेषेवरच कापावी लागते, कारण तिच्यात तीन तीन दिवे एका सरीत व त्यांसह एक रोधक अशी मांडणी असते. हे ‘का’ विद्यार्थ्याने विचारले, की एकसर जोडणीचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

बांधणीतही अशीच बारीक बारीक कारणे दडलेली आहेत. चांगल्या प्रतीच्या, ओल सोसणाऱ्या प्लायवुडची चौकट करून आतून पांढरा तेलरंग द्यावा. तो उजेड खाली परतवितो. रंगाचा वास पूर्ण गेल्यावाचून ते पाण्यावर ठेवू नये. एलईडीची उष्णता समोर न जाता मागील बाजूस साठते, म्हणून पट्टी लाकडावर न चिकटविता अल्युमिनियमच्या पन्हळीत चिकटवावी आणि मागील फळीस हवेसाठी खाचा ठेवाव्यात. उष्णतेने दिव्यांचे आयुष्य घटते, आणि बंद झाकणाने माशांस लागणारी हवाही अडते. पट्टी व पाणी यांमध्ये काचेची फळी असावी. कापलेले टोक सिलिकॉनने बंद करावे; पण पेट्यांच्या काचा जोडताना वापरतात तेच, ज्यास व्हिनेगरसारखा वास येतो, ते येथे चालत नाही, कारण त्यातील आम्ल तांब्यास गंजविते. वास न येणारे सिलिकॉन घ्यावे. असे बारकावे कोणी तयार झाकण विकत घेताना शिकत नाही.

कोणी म्हणेल, तयार झाकण स्वस्त व सुरक्षित मिळते, मग हा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की शाळा वस्तू मिळविण्यासाठी नसून माणूस घडविण्यासाठी आहे. कोणी म्हणेल, मुलांच्या हातात वीज देऊच नये. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु वीज त्यांच्या हातात घरोघरी आलेलीच आहे. न आलेली आहे ती तिची रीत. जे मूल शाळेत गुरूसमोर १२ व्होल्टची मर्यादा शिकले नाही, ते घरी एकटे असताना २३० व्होल्टशी खेळणार नाही याची हमी कोण देईल? बंदीने ते काम थांबत नाही, लपते. परीक्षेच्या वर्षी वेळ कोठून आणावा, हा तिसरा प्रश्न. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांजकडून शिकू द्यावे असे सुचविले आहे. ते दहा दिवस सहलीत घालविण्यापेक्षा त्यांतील तीन आम्हांस द्यावे, येवढीच विनंती आहे.

पहिल्या दिवशी सुताराकडून चौकट. दुसऱ्या दिवशी विज्ञानशिक्षकासमोर दिव्यांची जोडणी. तिसऱ्या दिवशी, झाकण पेटीवर न ठेवता, टेबलावर अखंड सहा तास चाचणी. चाचणीत पट्टी फार तापली नाही व कोठे वास आला नाही, अशी नोंद विद्यार्थ्याने स्वतः वहीत करावी, त्याखाली व्होल्ट, वॅट आणि तारीख लिहावी, व शिक्षकाची सही घ्यावी. त्या सहीवाचून कोणतेही झाकण पाण्यावर चढू नये. ही वही पेटीशेजारीच टांगलेली असावी, म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गास ती वाचून दुरुस्ती करता येईल.

आमच्या विद्यार्थिमित्रांस शेवटी इतकेच सांगावयाचे आहे. काचेआडचे मासे आपला दिवा मागू शकत नाहीत व विझवूही शकत नाहीत. तो केव्हा लागावा, किती लागावा, हे ठरविणारे तुम्हीच. झाकण आपल्या हाताने बांधा, पण त्याखाली राहणाऱ्या जिवांचे आणि ते उचलणाऱ्या धाकट्या भावंडांचे उत्तरदायित्वही आपल्या शिरावर घ्या. ते घेण्याची तयारी नसेल, तर दिवा खुशाल विकत आणावा.